एकाच आठवड्यातले दोन निकाल

नोव्हेंबर २०१७. २३ तारखेला नगरच्या सत्र न्यायालयाने खर्डा प्रकरणातल्या आरोपींना निर्दोष सोडलं. २९ तारखेला त्याच न्यायालयाने कोपर्डीच्या तिघा दोषींना फाशी सुनावली. कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत १३ जुलै २०१६ला बलात्कार आणि खुनाला बळी पडलेली शाळकरी मुलगी मराठा, दोषी दलित. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ला जीव गेलेला सतरा वर्षांचा मुलगा दलित, आरोपी मुख्यतः मराठा. झालं, पारावरचा निकाल लगेच तयार: ‘कोर्ट जात बघतं.’

हा गैरसमज सहज खोडता येईल असा नाही, कारण त्यात अर्धं सत्य आहे. मात्र जात न्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याआधी साक्षीदाराच्या घरी पोहोचलेली असते. मुलीशी बोलतो या संशयावरून खर्ड्यातल्या मुलाला भरदिवसा शाळेच्या आवारात मारहाण झाली आणि पुढे त्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला, असं सरकार पक्षाचं म्हणणं. भरदिवसाची गोष्ट, म्हणजे पाहणारे असणारच. पण कोर्टात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. ‘मी काही पाहिलं नाही’ असं सांगणाऱ्याला त्याच गावात राहायचं होतं, तिथंच नोकरी करायची होती. कोपर्डीत गाव साक्षीदारांच्या मागे उभं होतं आणि पुढे राज्यभर मोर्चे निघाले. तिथला साक्षीदार एकटा पडला नव्हता.

याच जिल्ह्यातलं सोनई या हिशेबात हमखास विसरलं जातं. १ जानेवारी २०१३ला तिथं मेहतर समाजातल्या तीन तरुणांचा खून झाला. तो खटला नगरला नव्हे, नाशिकला चालला आणि जानेवारी २०१८मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. बळी दलित असला की शिक्षा होतच नाही, हेही खरं नाही. खटला गावापासून किती लांब चालतो याला किंमत असते, असं मला वाटतं.

‘पोलिसांना सगळं सांगितलंय, आता कोर्टात कशाला?’ हा त्याहून साधा आणि जास्त नुकसान करणारा समज. तपासात पोलीस लिहून घेतात तो जबाब म्हणजे पुरावा नव्हे. त्यावर साक्षीदाराची सहीसुद्धा घेत नाहीत. कोर्टात माणूस उलटला, तर आधी काय सांगितलं होतंस हे विचारून विसंगती दाखवण्यापुरताच तो कामाला येतो. पुरावा म्हणजे शपथेवर, उलटतपासणीला तोंड देऊन सांगितलेलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने इथं एक बदल केला आहे. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्याने नोंदवून घेतलाच पाहिजे. तोही कोर्टातल्या साक्षीची जागा घेत नाही, पण त्यावरून पलटणं जड जातं. खोटी साक्ष हा गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते, हेही फितूर होणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही.

‘निर्दोष सुटले, म्हणजे तक्रारच खोटी’ हा समज ॲट्रॉसिटी कायद्याच्या चर्चेत तर घोषणेसारखा वापरला जातो. आरोप संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, एवढाच निर्दोष सुटण्याचा अर्थ. खर्ड्यातला मुलगा तर गेलाच ना? सुटलेल्यांना त्यानंतर गुन्हेगार म्हणता येत नाही, हे मान्यच. पण फिर्याद देणाऱ्या बापाला खोटारडा ठरवायचा परवानाही त्या निकालातून मिळत नाही.

‘फाशी सुनावली, विषय संपला’ याबद्दल थोडक्यात. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. कोपर्डीच्या निकालावर गावोगावी पेढे वाटून झाल्यावरही हा टप्पा बाकीच होता. त्यातल्या मुख्य दोषीचा मृत्यू फासावर झालाच नाही, सप्टेंबर २०२३मध्ये येरवडा तुरुंगात त्याने गळफास घेतला.

राहिला ‘साक्षीदाराला वाली कोण?’ हा प्रश्न. भीती खरी आहे, तिला भित्रेपणा म्हणणं शहरात बसून सोपं असतं. पण वाली कुणीच नाही, हे आता खरं नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं स्वतंत्र प्रकरण आलं. ५ डिसेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. तिच्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते आणि जिल्हा पोलीसप्रमुख तिचे सदस्य असतात. धोका किती आहे याचा अहवाल पोलिसांकडून मागवून ही समिती घराजवळ गस्त, कोर्टात येताना-जाताना सोबत, ओळख गुप्त ठेवणं, तात्पुरतं दुसरीकडे राहण्याची सोय असे आदेश देऊ शकते. अर्ज साक्षीदाराने स्वतःच करायला हवा असंही नाही. घरचं माणूस, वकील किंवा तपास अधिकारीही तो करू शकतो.