व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाताय? आधी दिवस मोजा, मग तिकीट काढा

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान दरवर्षी १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं. बाकीचे महिने तिथे बर्फाचं राज्य असतं. मोबाईलवर फुलांनी भरलेल्या दरीचे फोटो फिरू लागले की आपल्याकडच्या अनेक घरांत सफरची तयारी सुरू होते. अम्मी-अब्बू, मुलं, एखादे चाचा असा सगळा गोतावळा निघतो. शाळेतले पालकही विचारतात, "सर, चार दिवसांत होईल ना?"

उत्तर साधं आहे. चार दिवसांत होत नाही. हरिद्वारपासून हरिद्वारपर्यंत सहा दिवस लागतात आणि दोन दिवस हातात जादा ठेवावे लागतात. हे दोन दिवस का, ते नीट समजलं तर बाकीचं नियोजन आपोआप जमतं.

फुलं आणि दरडी एकाच पावसाच्या

जूनमध्ये दरीत बर्फ वितळत असतो आणि फुलं कमी असतात. खरा बहर साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. सप्टेंबरमध्ये आकाश मोकळं होऊ लागतं, पण फुलं ओसरतात. म्हणजे फुलं पाहायची तर ऐन पावसाळ्यातच जावं लागतं.

आणि त्याच पावसात ऋषिकेशहून जोशीमठला जाणाऱ्या महामार्गावर दरडी कोसळतात. रस्ता कधी दोन तास बंद असतो, कधी दोन दिवस. जून २०१३ च्या महापुरात गोविंदघाट ते घांघरिया हा पायी रस्ता मोठ्या प्रमाणात वाहून गेला होता. दरवर्षी तसं होत नाही. पण परतीच्या दिवशी संध्याकाळचीच ट्रेन पकडायची असेल, तर बंद रस्त्यावर अडकलेला माणूस घाई करतो, ड्रायव्हरला घाई करायला लावतो, आणि डोंगरात घाईचं काम महागात पडतं. म्हणून परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा. रस्ता सुरळीत राहिला तर ते दिवस ऋषिकेश-हरिद्वारला आरामात जातील.

तंबू कुठे लावायचा?

हा प्रश्न तरुण मुलं हमखास विचारतात. राष्ट्रीय उद्यानाच्या आत मुक्काम करायला परवानगी नाही. तंबू नाही, चूल नाही, शेकोटी नाही. सकाळी परवाना घेऊन आत जायचं आणि संध्याकाळी ५ च्या आत बाहेर यायचं. दुपारनंतर आत सोडत नाहीत, त्यामुळे सकाळी ७ च्या सुमाराला गेटवर असलेलं बरं.

मुक्काम करायचा तो घांघरियात. हे छोटं गाव फक्त हंगामात जागं असतं. इथे गुरुद्वारा आहे, साधी हॉटेलं आहेत आणि तंबूंचे कॅम्पही आहेत. तंबूत राहायची हौस इथे भागते. पण पावसाळ्यात तंबू ओला आणि थंड असतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर पक्क्या खोलीतच राहा. हेमकुंड साहिबला जाणाऱ्या भाविकांची गर्दी असते, त्यामुळे खोली आधी ठरवून ठेवा.

आत राहू न देण्यामागे कारण आहे. सुमारे ८७ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात शेकडो जातींची फुलझाडं आहेत. १९८२ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि आत गुरं-मेंढ्या चारणं थांबवण्यात आलं. २००५ मध्ये युनेस्कोने नंदादेवीसोबत याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. इथली रोपं वर्षातले काहीच महिने वाढतात. एका तंबूखाली चिरडलेली जागा पुन्हा भरायला फार वेळ लागतो. फूल तोडायलाही मनाई आहे, एकसुद्धा.

कळसूबाईचा हिशेब इथे चालत नाही

आपल्याकडचे ट्रेकर म्हणतात, "कळसूबाई तर आम्ही सहज चढतो." कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. इथे सफर सुरू होते ते गोविंदघाटच सुमारे १,८०० मीटरवर आहे. घांघरिया ३,०५० मीटरच्या आसपास आणि हेमकुंड ४,३०० मीटरच्या वर.

४,३०० मीटरवर श्वासातून मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. साधारण २,५०० मीटरच्या वर गेल्यावर काही जणांना उंचीचा त्रास सुरू होतो. तब्येत धडधाकट असो वा नसो, तो कुणालाही होऊ शकतो. व्यायाम करणारा तरुण आजारी पडतो आणि त्याचे वडील ठणठणीत राहतात, असंही घडतं.

लक्षणं अशी: डोकेदुखी, मळमळ, चक्कर, भूक न लागणं, झोप न येणं. लहान मुलं "डोकं दुखतंय" असं नीट सांगत नाहीत. ती चिडचिडी होतात, खात नाहीत, खेळणं थांबवतात. मूल गप्प झालं तर "दमलं असेल" म्हणून सोडून देऊ नका.

डोकं दुखत असेल तर आणखी वर जायचं नाही. आराम करूनही वाढत असेल तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागणं, सतत खोकला, चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं ही धोक्याची चिन्हं आहेत. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही, लगेच खाली न्यायचं आणि डॉक्टर गाठायचा. उंचीसाठी घेतात ती डायमॉक्स गोळी आपल्या मनाने घेऊ नका. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. दमा, हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय निघूच नये.

सहा दिवसांचा बेत

पहिला दिवस: हरिद्वार किंवा ऋषिकेशहून पहाटे निघून जोशीमठ. दहा तास किंवा जास्तही लागतात. रात्री डोंगरी रस्त्यावर प्रवासी वाहनांना बंदी असते, त्यामुळे उशिरा निघून भागत नाही.

दुसरा दिवस: जोशीमठहून गोविंदघाट, तिथून स्थानिक जीपने पुलना. पुढे सुमारे दहा किलोमीटरची चढण पायी, घांघरियापर्यंत. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी खेचर, पालखी आणि पाठीवरची टोपली म्हणजे कंडी मिळते. हवामान चांगलं असेल तर हेलिकॉप्टरही असतं, पण काही मिनिटांत बाराशे मीटर वर गेल्याने शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

तिसरा दिवस: फुलांची दरी. आधी दरी, नंतर हेमकुंड, हा क्रम उलटा करू नका. दरीची चढण सौम्य आहे आणि घांघरियात दुसरी रात्र काढल्यावर शरीर उंचीला थोडं रुळतं.

चौथा दिवस: हेमकुंड साहिब. सहा किलोमीटरची खडी चढण. पहाटे निघा, दुपारी परत फिरा. हे शीख बांधवांचं पवित्र स्थान आहे. डोकं झाकून, बूट काढून आत जायचं. लंगरमध्ये गरम चहा आणि खिचडी मिळते. या वाटेवर जेवण शाकाहारी असतं, त्यामुळे हलालची काळजी राहत नाही. ब्रह्मकमळ पाहायचं तर ते इथल्या उंचीवर भेटतं, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

पाचवा दिवस परत जोशीमठ, सहावा ऋषिकेश. सातवा आणि आठवा राखीव.

पिशवीत काय, पायात काय

बूट नवे नकोत. महिनाभर आधी घालून चाला, रोज जिने चढा, शक्य असेल तर जवळचा एखादा किल्ला करा. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत, म्हणून लवकर वाळणारे कपडे घ्या. सलवार-कुर्ता चालतो, फक्त घेर आणि ओढणी पायात येणार नाही असं बांधा. ओल्या दगडांवर हेच जास्त सांभाळायचं असतं. चांगला रेनकोट, स्वेटर, जादा मोजे, काठी, टॉर्च, नेहमीची औषधं आणि रोख रक्कम सोबत हवी. मोबाईलची रेंज भरवशाची नाही, म्हणून रोजचा बेत घरी आधीच सांगून ठेवा. दरीत दुकान नाही. पाणी आणि डबा घेऊन जा, कचरा परत आणा. ओळखपत्र ठेवा आणि उत्तराखंड सरकारची ऑनलाइन प्रवासी नोंदणी घरूनच करा.

या दरीची ओळख जगाला झाली ती १९३१ मध्ये, कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे साथीदार इथे उतरले तेव्हा. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग या वनस्पतींच्या अभ्यासासाठी आल्या आणि फुलं गोळा करताना पाय घसरून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर आजही दरीत आहे. अभ्यासूंनाही ही वाट चुकीला माफी देत नाही.

जोरदार पावसाचा इशारा असेल तर जोशीमठलाच थांबा, वर जाऊ नका. फुलं पुढच्या वर्षीही येतील. सोबत नेलेली मुलं आणि आई-वडील सुखरूप घरी आले, तरच सफर पूर्ण झाली म्हणायची.