पीनट बटर: चमचा सपाट की शीग लावून?

आधी आकडा सांगते. दोन मोठे चमचे, म्हणजे ३२ ग्रॅम पीनट बटरमध्ये साधारण १९० कॅलरी असतात. जवळजवळ दोन पोळ्यांइतक्या. त्यातल्या तीन चतुर्थांश येतात दाण्यातल्या तेलातून. तरीही वजन उतरवायला निघालेल्यांनी ही बरणी घरात खुशाल ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. फक्त चमचा सपाट भरा. शीग लावली की तोच चमचा सहज दीडपट होतो.

जिमला जाणारी मुलं पीनट बटर खातात ती प्रथिनांसाठी. तेवढ्याच दोन चमच्यांत प्रथिनं मिळतात सुमारे ७ ग्रॅम. अंड्यात ६ मिळतात आणि कॅलरी लागतात सत्तरेक! नुसत्या प्रथिनांसाठी हा सौदा महागच. पीनट बटरचा खरा गुण निराळा आहे: त्यानं पोटाला आधार होतो. ब्राझीलमधल्या संशोधकांनी १५ लठ्ठ महिलांना नाश्त्याबरोबर दाणे किंवा पीनट बटर देऊन पाहिलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पीनट बटर खाल्ल्यावर तृप्तीचा निरोप मेंदूला देणारं संप्रेरक वाढलेलं आणि खाण्याची इच्छा कमी झालेली दिसली.

त्याहून मला पटतो तो २००१ साली प्रसिद्ध झालेला बॉस्टनचा प्रयोग. वजन जास्त असलेल्या १०१ जणांचे दोन गट केले. कॅलरी दोघांनाही मोजूनच, पण एका गटाला अगदी कमी तेलातुपाचा आहार आणि दुसऱ्याला दाणे, सुकामेवा, पीनट बटर, ऑलिव्ह तेल यांची मुभा. दीड वर्षानं पहिल्या गटातले २० टक्केच लोक टिकले होते, दुसऱ्यातले ५४ टक्के. जेवणाला चव असली की पथ्य निभतं, आणि निभलं तरच वजन उतरतं.

आता याच दाण्याची दुसरी बाजू. फ्रान्समध्ये १९९६ साली कुपोषित मुलांसाठी ‘प्लम्पीनट’ तयार झालं. दाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी. ना शिजवायचं, ना पाणी घालायचं. अशक्त मुलं घरच्या घरी ते चोखून खातात आणि अंग धरतात. दाण्याची पेस्ट वजन झपाट्यानं वाढवू शकते, याचा इतका सुंदर पुरावा दुसरा नाही. म्हणून बरणीत बोट घालून चाखत राहण्याची सवय मोडाच.

अख्खे दाणे खाल्ले तर? तर थोडी सूट मिळते! दाणा कितीही चावला तरी त्याच्या काही पेशी फुटत नाहीत, आणि त्यांच्यातलं तेल न पचताच बाहेर पडतं. १९८० सालच्या एका अमेरिकी प्रयोगात हे मोजलं गेलं: अख्ख्या दाण्यांतली चरबी सर्वांत जास्त वाया गेली, पीनट बटरमधली कमी, नुसत्या शेंगदाणा तेलातली सर्वांत कमी. दात जे काम अर्धवट सोडतात, ते यंत्र पुरं करून देतं.

खरेदी करताना बरणी उलटून घटक वाचा. अमेरिकेत १९७१पासून नियम आहे, पीनट बटरमध्ये ९० टक्के तरी शेंगदाणेच हवेत. ‘कमी फॅट’ लिहिलेल्या बरण्यांना भुलू नका. काढलेल्या तेलाच्या जागी त्यांत बहुधा साखर किंवा स्टार्च येतं आणि कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात. वर तेलाचा तवंग दिसला तर उलट आनंद माना, ढवळून घ्या. तो तवंग येऊ नये म्हणून तेल गोठवायची युक्ती जोसेफ रोझफील्ड यांनी १९२०च्या दशकात काढली. तिथूनच गुळगुळीत बरण्यांचं राज्य सुरू झालं.

आपल्याकडे तर हे घरीच होतं. दाणे खमंग भाजायचे, सालं पाखडायची, मिक्सर फिरवायचा. आपण एरवी कूट झाला की थांबतो. इथे थांबायचं नाही. आधी गोळा होतो, मग दाण्याला स्वतःचंच तेल सुटतं आणि सगळं सैल होतं. चिमूटभर मीठ पुरे.

आणि हो, कुटाचाही हिशेब धरा. बरणीतला चमचा मोजणारी मंडळी खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात मूठमूठ कूट घालतात. ज्या दिवशी ताटात सोलापुरी शेंगाचटणी असेल, त्या दिवशी पीनट बटरला सुट्टी द्या. एरवी ते सफरचंदाच्या फोडींना किंवा अर्ध्या केळ्याला लावून संध्याकाळी पाच वाजता खा. वडापावची आठवण येते ती त्याच वेळी. दाणे मात्र निवडून घ्या: काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले बाहेर काढा. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असतं आणि भाजून ते पूर्ण जात नाही.