हायड्रोजन बंध

हायड्रोजन बंध : ऑक्सिजन, नायट्रोजन वा फ्ल्युओरीन यांसारख्या प्रबळ विद्युत् ऋण मूलद्रव्याच्या अणूशी सहसंयुजी बंधाने जोडलेला हायड्रोजन अणू आणि तशाच प्रकारचा दुसरा अणू यांमधील आकर्षणास हायड्रोजन बंध म्हणतात. हा दुसरा अणू शेजारच्या रेणूतील अथवा त्याच रेणूतील असू शकतो. डब्ल्यू. एम्. लॅटिमर व डब्ल्यू. एच्. रोडबुश या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये पाण्याच्या गुणधर्मांचे स्पष्टीकरण करताना ही कल्पना मांडली. लायनस पॉलिंग यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिचे विस्तृत विवेचन केले.

उत्पत्ती व बल : पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन अणू दोन हायड्रोजन अणूंशी जोडलेला असतो. ऑक्सिजनाची विद्युत् ऋणता ३·४४, तर हायड्रोजनाची २·२० असल्याने बंधातील सामाईक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनाकडे ओढले जातात. हायड्रोजनाला आतील इलेक्ट्रॉन-कवच नसल्यामुळे त्याचा धन विद्युत् भारित अणुकेंद्र बराचसा उघडा पडतो व शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनाच्या बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉन-युग्माकडे आकर्षिला जातो. रेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडण्यास दर मोलास सुमारे ४६० किलोजूल ऊर्जा लागते. हायड्रोजन बंधास मात्र सुमारे २० किलोजूल पुरतात.

उकळबिंदूवरील परिणाम : ऑक्सिजनाच्या गटातील मूलद्रव्यांच्या हायड्राइडांपैकी टेल्युरियमाच्या हायड्राइडाचा उकळबिंदू सुमारे –२° से., सेलेनियमाच्या –४१° से. व गंधकाच्या –६०° से. आहे. रेणुभार घटेल तसा उकळबिंदू उतरत जातो. या क्रमानुसार पाण्याचा उकळबिंदू –६०° से.च्याही खाली असावयास हवा. प्रत्यक्षात तो १००° से. आहे. हायड्रोजन बंध नसते, तर पृथ्वीवरील सर्वसामान्य तापमानास पाणी वायुरूपच राहिले असते. हे बंध तोडण्यासाठी ऊर्जा खर्ची पडत असल्याने पाण्याची बाष्पीभवनाची सुप्त उष्णताही फार मोठी (१००° से.ला दर ग्रॅमला सुमारे २,२६० जूल) आहे. मातीच्या माठातून थोडे पाणी पाझरून त्याची वाफ झाली, तरी उरलेले पाणी चांगलेच थंड होते, त्याचे कारण हेच होय.

बर्फाची संरचना : बर्फात प्रत्येक रेणू शेजारच्या चार रेणूंशी चतुष्फलकीय मांडणीने बांधलेला असतो. या सांगाड्यात बरीच मोकळी जागा राहते. बर्फ वितळताना बंधांपैकी थोडेच तुटतात. परंतु सांगाडा ढासळून रेणू अधिक दाटीने बसतात. द्रवात हे बंध सतत तुटतात व नव्याने जुळतात. पाण्याची घनता ४° से.ला कमाल असते. ०° से.ला बर्फाची घनता दर घ. सेंमी.स ०·९१७ ग्रॅ. असते, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. थंड प्रदेशांतील सरोवरे त्यामुळे वरून गोठतात, पृष्ठावरील बर्फ खालच्या पाण्यातील उष्णता रोखून धरतो व जलचर जगू शकतात. बहुतेक पदार्थांप्रमाणे घनरूप पाणीही द्रवापेक्षा जड असते, तर बर्फ तळाशी साचत गेला असता.

जैव महत्त्व : जे. डी. वॉटसन व एफ्. एच्. सी. क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या डीएनएच्या प्रतिकृतीत दोन साखळ्या हायड्रोजन बंधांनीच एकत्र राहतात. ॲडेनीन व थायमीन यांच्या जोडीत दोन, तर ग्वानीन व सायटोसीन यांच्या जोडीत तीन बंध असतात. प्रथिनांच्या साखळ्यांतील सर्पिल घड्याही याच बंधांनी टिकतात. एकेकटा बंध दुर्बल असला, तरी असंख्य बंधांच्या एकत्रित बलाने साखळ्या स्थिर राहतात. आणि प्रत्येक बंध दुर्बल असल्यामुळेच कोशिका विभाजनापूर्वी एंझाइमांच्या साहाय्याने, साखळ्यांना इजा न होता, त्या एकमेकींपासून अलग करता येतात. बंध सहसंयुजी बंधाइतके प्रबळ असते, तर आनुवंशिक माहितीची नक्कल होणे अशक्यप्राय ठरले असते.