बाकी तीन, हातचे तीन

निवडणुकीच्या आदल्या दिवशी घारापुरी बेटावर मतदान पथक लाँचने जाते. त्याच वेळी दुसरे पथक पवना धरणामागच्या वाड्यावस्त्यांची वाट धरते, तर तिसरे थेरगावातल्या महापालिकेच्या शाळेत टेबले मांडत असते. तिन्ही ठिकाणचे मतदार निवडून देतात तो खासदार एकच. उरण ते पिंपरी हे अंतर रस्त्याने शंभर किलोमीटरहून अधिक आहे आणि मध्ये आडवा आहे बोरघाट. या मतदारसंघाचे नाव मावळ.

२००८ पूर्वी या नावाचा लोकसभा मतदारसंघच नव्हता. घाटाखाली कुलाबा होता, तर घाटावर खेड आणि बारामती. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाने २००१च्या जनगणनेवरून नव्या सीमा आखल्या आणि २००९ची लोकसभा निवडणूक त्यांवर झाली. तेव्हापासून एक समज रूढ आहे : मावळ कुणाच्या तरी सोयीसाठी कापला गेला. सोय कुणाची, हे सांगणाऱ्याच्या पक्षावर ठरते. मला मात्र याचे उत्तर राजकारणापेक्षा चौथीच्या भागाकारात अधिक सापडते.

राज्याच्या विधानसभेच्या जागा २८८, लोकसभेच्या ४८. म्हणजे सहा आमदारांमागे एक खासदार. विधानसभा मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही आणि एकाच विधानसभेचे दोन तुकडे दोन लोकसभांत जात नाहीत. राज्याची लोकसंख्या होती ९ कोटी ६८ लाख, त्यामुळे विधानसभेच्या एका जागेला सरासरी ३ लाख ३६ हजार माणसे आली. या मापाने पुणे जिल्ह्याला २१ जागा मिळाल्या. पुणे, बारामती आणि शिरूर या तीन लोकसभांत अठरा बसल्या. मावळ, चिंचवड आणि पिंपरी या तीन उरल्या.

आता घाट उतरू. रायगडच्या सात, रत्नागिरीच्या पाच, सिंधुदुर्गच्या तीन, एकूण पंधरा. दक्षिणेकडून सहा घेतल्या की रत्नागिरी-सिंधुदुर्ग होतो. दापोली आणि गुहागर रायगडच्या चार जागांना जोडल्या की रायगड पुरा होतो. इथेही बाकी तीनच : पनवेल, कर्जत, उरण. उत्तरेला अखंड ठाणे जिल्हा होता. त्याच्या चोवीस जागांना सहाने नि:शेष भाग जात होता. तिकडे हात पसरायला वावच नव्हता. घाटावरची बाकी तीन आणि घाटाखालची तीन, अशी सहाची बेरीज झाली.

परिसीमन कायद्याच्या कलम ९ मध्ये भौगोलिक आटोपशीरपणा, नैसर्गिक रचना, दळणवळण आणि लोकांची सोय यांचाही विचार सांगितला आहे, पण ‘शक्य तितका’ ही पुस्ती जोडून. सह्याद्रीची धार हीच नैसर्गिक रचना नसेल, तर मग कोणती? दळणवळणाचा मुद्दा मात्र खरा मानावा लागतो. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावली आणि २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. रस्ता नसता तर ही बेरीज कागदावरही शोभली नसती.

नावाची गंमत वेगळीच. सूर्य मावळतो त्या बाजूचा मुलूख तो मावळ, अशी व्युत्पत्ती सांगतात. ती पुण्याच्या अंगणात उभे राहून केलेली आहे. पनवेलकराच्या मावळात सूर्य उगवतो!

खासदारकी मात्र सतत घाटावरच राहिली. २००९ मध्ये गजानन बाबर निवडून आले आणि २०१४ पासून सलग तीनदा श्रीरंग बारणे, दोघेही पिंपरी-चिंचवडचे. २०१४ मध्ये लक्ष्मण जगताप यांनी शेतकरी कामगार पक्षाचा आधार घेऊन पाहिला. घाटाखालची शेकापची मते आणि घाटावरचा उमेदवार अशी ती जोडणी होती, पण ती जमली नाही. २०१९ मध्ये बारणे यांच्यासमोर उभे राहिलेले पार्थ पवार दोन लाखांहून अधिक मतांनी हरले. पनवेल-उरणचा उमेदवार प्रमुख लढतीत एकदाही दिसला नाही, ही तक्रार मला रास्त वाटते.

दुखणीही एका जातीची नाहीत. उरणच्या स्मरणात १९८४चा जासईचा गोळीबार आहे. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा तो जमिनीचा लढा होता आणि त्यात पाच जणांचे प्राण गेले. मावळच्या स्मरणात ९ ऑगस्ट २०११ आहे. पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि बऊरजवळच्या गोळीबारात तिघे मेले. धरणाशेजारचा शेतकरी आणि नळ उघडणारा शहरी, दोघेही याच मतदारसंघाचे मतदार. त्यांच्या खासदाराने कुणाची बाजू घ्यायची? कलम ९ मध्ये याचे उत्तर नाही.

तो भागाकारही आता शिळा झाला आहे. २०१६ मध्ये पनवेलला महापालिका आली. २०२४ मध्ये मावळचे मतदार २५ लाखांवर गेले आणि एकट्या चिंचवडचे मतदार कर्जतच्या जवळपास दुप्पट होते. राज्यघटनेनुसार जागांची नवी वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवरून व्हायची आहे. तोवर मतदान संपले की उरणची यंत्रे रातोरात बोरघाट चढतात आणि त्यांतली मते पुण्याच्या बालेवाडीत मोजली जातात.