लोंढ्याचा फाटा आणि फ्रेंचांचा जाहीरनामा

लोंढा जंक्शनवर गाडी बदलण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना ठाऊकच आहे की येथून एक रूळ बेळगावावरून मिरजेकडे जातो, दुसरा धारवाड-हुबळीकडे आणि तिसरा कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात. फलाटावरच्या एकाच बाकावर मराठी, कानडी आणि कोंकणी शेजारी शेजारी बसलेल्या आढळतात. फ्रेंच कादंबरीकारांच्या एका भांडणाची हकीकत सांगावयास याहून सोयीची जागा नाही.

मार्च २००७ मध्ये पॅरिसच्या 'ल मोंद' या दैनिकात ४४ लेखकांच्या सह्यांचा एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. आदल्या वर्षीची मोठी पारितोषिके न्यूयॉर्कला जन्मलेला लिटेल, काँगोचा माबांकू, कॅनडातली नॅन्सी ह्यूस्टन अशा बाहेरच्या मंडळींना मिळाली होती. जाहीरनाम्याचे म्हणणे थोडक्यात असे की, फ्रान्समध्ये जन्मलेला तो 'फ्रेंच लेखक' आणि अन्यत्र जन्मलेला तो 'फ्रँकोफोन', म्हणजे दुसऱ्या पंगतीचा, ही वाटणी आता पुरे. भाषा एका राष्ट्राच्या दावणीला बांधलेली नसते. सही करणाऱ्यांत ल क्लेझिओ होते, त्यांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळाले. आणि मॉरिशसच्या आनंदा देवीही होत्या. गटेने १८२७ मध्ये विश्वसाहित्याची भाषा केली, तिचाच हा नवा सूर. गंमत एवढीच की, पॅरिसच्या मिरासदारीविरुद्धचा हा विचार ग्रंथरूपाने निघाला तो पॅरिसच्याच गालिमार या बड्या प्रकाशनाकडून!

आता धारवाडचा रूळ पाहा. १९७३ साली या एका गावात दोन मान आले. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे यांना 'नाकु तंति' या कानडी काव्यासाठी ज्ञानपीठ मिळाले. नावाचा अर्थ चार तारा; तंबोरा जुळविणाऱ्यास तो वेगळा सांगावा लागत नाही. त्याच गावात इंग्रजी शिकविणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया'ला मराठीचे साहित्य अकादमी पारितोषिक जाहीर झाले, व प्रकाशनवर्षाचा वाद उपस्थित होताच त्यांनी ते परत केले. एकाने घरची भाषा सोडून गावची घेतली, दुसऱ्याने कानडी मुलखात राहून घरची राखली. आमच्या जुन्या घरांतून बेंद्र्यांविषयी अजूनही 'आपला माणूस तिकडे गेला' असा सूर लागतो. तो मला बेसूर वाटतो. गदगच्या भीमसेन जोशींनी मराठी अभंग गाइले तेव्हा ते 'इकडे आले' असा हिशेब आपण कधी मांडला नव्हता.

गोव्याच्या रुळावरही असाच एक लेखक भेटतो. नावेलीच्या फ्रांसिस्कु लुईश गोमिश यांनी १८६६ मध्ये 'ब्राह्मण' ही कादंबरी पोर्तुगीजमध्ये लिहिली. तिचे कथानक मात्र उत्तर हिंदुस्थानात घडते. ती कोणत्या वाङ्मयाच्या इतिहासात घालावयाची?

सीमाप्रश्न १९५६ पासून भिजत पडला आहे, आणि मराठी शाळा, मराठी पाट्या यांचा आग्रह मलाही सोडवत नाही. शाळेची भाषा हा हक्काचा प्रश्न आहे. पण कवीने कोणत्या भाषेत लिहावे, हे कोणत्याही राज्याच्या गॅझेटात छापता येत नाही. जी. एं.ची कथा पुण्या-मुंबईत वाचली गेली ती सीमेपलीकडची म्हणून नव्हे; बेंद्र्यांचे कानडी मात्र आपल्यापैकी किती घरांत, निदान अनुवादाने तरी, पोचले आहे?