बाळंतपणाची तारीख किती खरी?

नातीला किंवा सुनेला दिवस गेले की इथे इंग्लंडमध्ये डॉक्टर एक तारीख सांगतात. मग मुंबईहून, इस्रायलहून नातेवाईक तिकिटे काढतात. मुलगा झाला तर आठव्या दिवशीच्या सुंतेसाठी मोहेलला आधी कळवून ठेवावे लागते. तारीख उलटली की फोन सुरू होतात, "अजून काही नाही?"

आपल्या आया नऊ महिने नऊ दिवस मोजत. जर्मन डॉक्टर नेगेले यांच्या नावाचा नियम शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस, म्हणजे सुमारे २८० दिवस मोजतो. एनएचएसमध्ये साधारण ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान स्कॅन करून ही तारीख पक्की करतात. तरीही नेमक्या त्या दिवशी जन्मणारे बाळ वीसांत एखादेच. ३७ ते ४२ आठवड्यांत केव्हाही बाळंतपण होणे स्वाभाविक आहे.

लंडनमधल्या १,२२,००० हून अधिक पहिलटकरणींचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना कळा आपोआप सुरू झाल्या होत्या. गोऱ्या स्त्रियांत मधला आकडा ४० आठवडे निघाला, तर आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत ३९. म्हणून आपल्या घरची मुलगी आठवडाभर आधी बाळंत झाली तर त्यात नवल नाही. पण हा हजारोंचा मध्य आहे. एकीचा दिवस त्यावरून सांगता येत नाही.

२०२१ मध्ये नाइस या सरकारी संस्थेच्या मसुद्यात आशियाई व कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी ३९ आठवड्यांपासून कळा आणवण्याचा विचार करावा, असे सुचवले होते. त्यावर बरीच टीका झाली आणि अंतिम सूचनांत ते वगळले गेले. ४१ आठवडे झाल्यावर मात्र थांबण्याचा धोका वाढू शकतो, म्हणून तेव्हा कळा आणवण्याबद्दल बोलणे होते. निर्णय मुलीचाच असतो.

मिडवाइफ गर्भाशयाचे तोंड तपासून वेळ जवळ आली का, एवढा अंदाज देते. चिकट, किंचित रक्ताळ स्राव गेला तरी कळांना काही तास किंवा काही दिवसही लागू शकतात. घरी एरंडेल पाजून कळा आणवू नयेत. जुलाब-उलट्यांनी ती थकून जाईल.

एक जुनी समजूत मात्र सोडलीच पाहिजे. "बाळ शांत झाले, आता वेळ जवळ आली," असे आपण म्हणत आलो. शेवटच्या दिवसांत बाळाची हालचाल कमी होते, हे खरे नाही. ती कमी वाटली, तर रात्र असली तरी प्रसूती विभागाला ताबडतोब फोन करावा. सकाळची वाट पाहू नये. पाणी गेले, रक्तस्राव झाला, किंवा कळा नियमित होऊन दर पाच मिनिटांनी येऊ लागल्या, तरीही फोन करावा.

तेव्हा आजी-आजोबांनो, तिकिटे दोन आठवडे मागेपुढे धरून काढा. मुलीला फोन कराल तेव्हा तारीख विचारू नका. जेवलीस का, झोप लागली का, बाळ नेहमीसारखे हलते ना, एवढे विचारा.