अम्मी-अब्बूंना घेऊन माथेरानच्या छोट्या गाडीत : लातूरहून बेत कसा आखावा

आपल्या घरातले बुजुर्ग प्रवास करतात तो काहीतरी काम निघाले म्हणून. सोलापूरला किंवा हैदराबादला दवाखाना, नात्यातले लग्न, कुणाची मय्यत, गुलबर्ग्याला बंदेनवाजांची जियारत, आणि नशिबात असेल तर हज-उमरा. नुसते खिडकीत बसून डोंगर-झाडी बघायची, असा प्रवास त्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. मोबाईलवर आल्प्सच्या बर्फातून जाणारी लाल गाडी दिसली की अम्मी "सुब्हानअल्लाह" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

स्वित्झर्लंड सगळ्यांना परवडणारे नाही. शिवाय पैसा असला तरी वयाला ते झेपेलच असे नाही. तिथली प्रसिद्ध ग्लेशियर एक्स्प्रेस झरमॅटहून सेंट मॉरिट्झला जायला सुमारे ८ तास घेते आणि बर्निना मार्ग २,२५३ मीटर उंचीपर्यंत चढतो. आपल्या महाराष्ट्रात नेरळ ते माथेरान ही डोंगरातली छोटी गाडी आहे. अंतर साधारण २१ किलोमीटर आणि माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर. एवढ्या उंचीवर श्वासाचा त्रास सहसा होत नाही. आपले लातूरसुद्धा ५०० मीटरच्या वरच आहे.

ही गाडी कोणी बांधली?

मुलांना आवर्जून सांगावी अशी ही गोष्ट आहे. मुंबईचे बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी १६ लाख रुपये घातले आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही रेल्वे उभी केली. काम १९०४ मध्ये सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावली. रूळ फक्त २ फुटांचे. चढ इतका की काही ठिकाणी २० फूट पुढे जाताना १ फूट वर चढावे लागते. म्हणून ही गाडी ताशी २० किलोमीटरच्या पुढे जात नाही.

या रेल्वेचे सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आपली बार्शी लाईट रेल्वे उभी करणारे तेच. १९११ मध्ये ती लातूरपर्यंत आली. तिचे रूळ अडीच फुटांचे होते. आज सत्तरीत असलेल्या बऱ्याच लातूरकरांनी त्या छोट्या गाडीने प्रवास केलेला आहे. अब्बूंना विचारून बघा. माथेरानची गाडी बघून त्यांना लातूरचे जुने स्टेशन आठवले तर नवल नाही.

आधी तब्येत, मग तिकीट

बेत आखताना आपण काय काय बघायचे याची यादी करतो. बुजुर्ग सोबत असतील तर सुरुवात दुसरीकडून करा. सलग किती वेळ बसवते? किती पायऱ्या चढवतात? लघवीला किती वेळाने जावे लागते? छोट्या गाडीच्या डब्यात शौचालय नाही आणि नेरळहून वर जायला अडीच तासांच्या आसपास लागतात. गुडघेदुखी, शुगर किंवा प्रोस्टेट असलेल्या माणसाला हे जड जाते. लाजेपोटी ते सांगत नाहीत, पाणी पिणे बंद करतात आणि चक्कर येते.

लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. गाडी लागते म्हणून घ्यायची गोळीही त्यांना विचारूनच द्या. तिने वयस्कर माणसाला गुंगी येते आणि लघवी अडकू शकते.

जायचे कसे?

लातूर–मुंबई एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी कल्याणला उतरा. तिथून कर्जत किंवा खोपोलीची लोकल नेरळला जाते. सकाळची गर्दी मुंबईकडे असते, आपण उलट दिशेला जातो, त्यामुळे जागा मिळायला सोपे.

खालच्या बर्थसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. ६० पूर्ण झालेले पुरुष आणि ४५ पूर्ण झालेल्या स्त्रिया यांच्यासाठी वेगळा कोटा आहे, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी आणि दोघेही त्या वयाचे असतील तरच. घरातल्या पाच जणांचे एकत्र तिकीट काढले की हा कोटा जातो. आई सत्तरीची आणि मुलगी ४५ च्या पुढची असेल तर दोघींचे तिकीट वेगळे काढा. ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे.

नेरळहून लगेच छोट्या गाडीच्या रांगेत उभे राहू नका. रात्रभराच्या प्रवासानंतर ते बुजुर्गांना सोसणार नाही. टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जा. त्यापुढे खासगी मोटारींना बंदी आहे. जवळच अमन लॉज स्टेशन आहे आणि तिथून माथेरानपर्यंत छोट्या गाडीच्या फेऱ्या असतात. जेमतेम वीस मिनिटांचा प्रवास. तेवढ्यातही झाडी आणि वळणे दिसतात.

दोन रात्री मुक्काम करा. तब्येत बरी असेल तर परतताना माथेरानहून नेरळपर्यंत पूर्ण गाडीने उतरा. तोवर विश्रांती झालेली असते, तिकिटाच्या खिडकीवर घरातले कुणी आधी जाऊन उभे राहू शकते आणि औषधांच्या वेळाही सांभाळता येतात. तब्येत बरी नसेल तर ज्या वाटेने आलो त्याच वाटेने परत. अमन लॉजची ती वीस मिनिटेही पुरे आहेत. कल्याणला रात्रीच्या गाडीआधी दोन-तीन तास हातात ठेवा.

पावसाळ्यात साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळहून गाडी बंद असते, अमन लॉज–माथेरान फेऱ्या तेवढ्या चालतात. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले होते, पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. वेळापत्रक बदलत राहते, निघण्याआधी मध्य रेल्वेचे ताजे वेळापत्रक बघा.

वर गेल्यावर

माथेरानला पायी किंवा घोड्यावर फिरतात. आता मोजक्या ई-रिक्षाही आहेत, बुजुर्गांसाठी त्याच बऱ्या. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. दिवसाला एकच पॉइंट पुरे. मुक्काम बाजाराजवळ आणि तळमजल्यावर घ्या. खाण्याची पिशवी उघडी धरू नका, माकडे ओढून नेतात आणि त्या झटापटीत म्हातारे माणूस पडू शकते.

नमाजची सोय

लातूरहून माथेरान सफरच्या अंतरात येते (हनफी मसलकप्रमाणे सुमारे ७८ किलोमीटर), आणि मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी. म्हणून जोहर, असर आणि इशाच्या फर्ज चारऐवजी दोन रकात. फजर आणि मगरिब नेहमीप्रमाणे. मुकीम इमामामागे पढलात तर पूर्ण चार. उभे राहवत नसेल त्यांना बसून पढायची मुभा आहे. वुजू करून चामडी मोजे घातले असतील तर मुसाफिराला तीन दिवस-रात्र त्यांवर मसह चालतो. गाडीत वाकून पाय धुणे टळते. काही शंका असेल तर आपल्या मशिदीच्या मौलानांना आधीच विचारून घ्या.

म्हाताऱ्या आईबापाला 'उफ्' सुद्धा म्हणू नका, असा हुकूम सूरह बनी इस्राईलमध्ये आहे. प्रवासात हा 'उफ्' तोंडातून निघत नाही, तो घड्याळाकडे बघण्यात असतो, "चला लवकर, उशीर होतोय" यात असतो. एखादा पॉइंट राहिला तर राहू द्या. अम्मींना स्टेशनच्या बाकावर बसून चहाच प्यायचा असेल, तर तोही सहलीचाच भाग समजा.

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. डिसेंबरच्या शेवटची सुट्टी टाळा, गर्दी फार असते. त्याआधी या जुम्म्याला, नमाजनंतर जेवायला बसल्यावर, दोघांना विचारा : "छोट्या गाडीत बसायला यायचं का?"